‘बॅटरी गेली, आता डायनामोही गेला’: जुन्या गाडीच्या चार्जिंगवरून होणारी फसवणूक

गाडी पंधरा-वीस वर्षांची. मारुती ८००, झेन, सँट्रो, इंडिका, कुठलीही घ्या. सकाळी किल्ली फिरवली की सेल्फ नुसता ‘टक्’ करतो आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावतात. शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप घेऊन किंवा धक्का मारून ती कशीबशी सुरू होते आणि थेट गॅरेजात जाते. तिथे बॅटरीला लोड टेस्टर, म्हणजे तिच्यावर भार टाकून व्होल्टेज बघणारा मीटर, लागतो, काटा लाल पट्ट्यात पडतो आणि निकाल येतो, ‘बॅटरी गेली’. नवी बॅटरी बसते. काही दिवसांनी गाडी पुन्हा अडते. मग सांगितलं जातं, ‘डायनामो चार्जच करत नाही, म्हणून नवी बॅटरीसुद्धा उतरली.’ अल्टरनेटरही, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारं यंत्र, ज्याला गॅरेजात अजून डायनामो म्हणतात, बदलला जातो. तिसऱ्या खेपेला दुसराच कुणी ऑटो इलेक्ट्रिशियन इंजिनाची गंजलेली अर्थिंगची पट्टी (इंजिन बॉडीला जोडणारी वायर) काढून, घासून परत आवळतो आणि गाडी सुरळीत होते. शंभर-दोनशे रुपयांच्या कामापायी काही हजार गेलेले असतात, आणि चांगली बॅटरी व चांगला अल्टरनेटर ‘भंगार’ म्हणून गॅरेजातच राहिलेले असतात.

यात काही जण जाणूनबुजून लुबाडतात, बरेच जण न तपासता पार्ट बदलत सुटतात. गाडीमालकाचं नुकसान दोन्हीकडे सारखंच. जुनी गाडी बहुतेक वेळा अशा माणसाकडे असते, ज्याला नवी घेणं परवडत नाही किंवा जिव्हाळ्यापोटी ती मोडवत नाही. त्याच्या खिशातून असे पैसे जाताना पाहून राग येतो, म्हणून ही फसवणूक कुठे कुठे होते ते तपशिलात सांगतो आहोत.

पहिली चलाखी रिकाम्या बॅटरीच्या तपासणीत आहे. जंप देऊन आणलेली बॅटरी उतरलेलीच असते. उतरलेली बॅटरी लोड टेस्टमध्ये नापास होणारच, मग ती महिन्याभरापूर्वी घेतलेली का असेना. लोड टेस्टला अर्थ यायचा तर बॅटरी आधी नीट चार्ज झालेली हवी, किमान १२.४ व्होल्टपर्यंत. यांतल्या छोट्या पेट्रोल गाड्यांत साधारण ३५ एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) बॅटरी असते. ती साडेतीन अँपिअरवर भरायला दहा-बारा तास लागतात, म्हणजे रात्रभर चार्जरवर ठेवावी लागते. ‘अर्धा तास लावली होती, घेतच नाही’ हे वाक्य ऐकलं की समजावं, तपासणी झालेलीच नाही. चार्जर काढल्यावर चार-सहा तास तशीच ठेवून मीटर लावा. १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ च्या खाली म्हणजे जवळपास रिकामी. रात्रभर भरूनही दुसऱ्या दिवशी १२.२ वर येत असेल, किंवा लोडवर दहा-पंधरा सेकंदांतच ९.६ च्या खाली जात असेल, तर बॅटरी खरंच गेली. बूच उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने, म्हणजे आतल्या ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल बघा. पाच सेल १.२६० आणि एकच १.१५० दाखवत असेल तर तो सेल मेला, त्यावर इलाज नाही. सगळेच सारखे कमी असतील तर ती फक्त उतरलेली आहे.

दुसरा प्रकार धोकादायक आहे. इंजिन चालू असताना मेकॅनिक बॅटरीचं टर्मिनल उपसतो आणि म्हणतो, ‘बघा, बंद पडली, म्हणजे अल्टरनेटर बाद.’ हा प्रयोग जुन्या डायनामोच्या काळापासून चालत आला आहे. अल्टरनेटरवर तो कुणालाही करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेजला धरून ठेवणारं काही उरत नाही, क्षणभर मोठा झटका येतो आणि रेक्टिफायरचे डायोड (करंट एकाच दिशेने सोडणारे), व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर, एमपीएफआय म्हणजे इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत तर ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणकसुद्धा जळू शकतो. म्हणजे चांगला अल्टरनेटर तपासणीतच खराब होतो आणि त्याचं बिल तुमच्या नावावर फाटतं. बॉनेट उघडल्यावर कुणाचा पाना चालू इंजिनात टर्मिनलकडे गेला, तर हात धरून थांबवा.

अल्टरनेटर चार्ज करतो की नाही हे कळायला काहीच उपसावं लागत नाही. चारपाचशे रुपयांचा डिजिटल मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि बॅटरीच्या दोन खुंट्यांवर लावा. वायरच्या क्लॅम्पवर नको, शिशाच्या खुंटीवरच. इंजिन बंद असतानाचा आकडा लिहून घ्या. गाडी सुरू करून रेस साधारण दोन हजार आरपीएमवर धरा. १३.८ ते १४.५ आलं तर अल्टरनेटर आणि त्याचा रेग्युलेटर, ज्याला बरेच मेकॅनिक अजून कटआउट म्हणतात, दोन्ही ठीक. आता हेडलाइट, ब्लोअर आणि मागच्या काचेचा डिफॉगर असेल तर तोही लावा. १३.५ च्या आसपास टिकलं तरी चालतं. १५ च्या वर जात असेल तर कटआउट बिघडलाय, बॅटरी उकळून तिचं पाणी आटेल. आकडा १२.५ वरून हललाच नाही तर चार्जिंग नाही, हे नक्की.

इथे एक लबाडी हमखास होते. छोट्या गाडीचा जुना अल्टरनेटर आयडलिंगला, एसी आणि दिवे लावून, तेराच्या खाली जाऊ शकतो. तो आकडा दाखवून पार्ट विकला जातो. शिवाय इंजिन कडक तापलेलं असताना बरेच रेग्युलेटर व्होल्टेज मुद्दाम थोडं उतरवतात. एप्रिल-मेच्या दुपारी १३.६ दिसलं म्हणून अल्टरनेटर काढू नका. रेस देऊन, आणि जमलं तर थंड इंजिनावर, आकडा पुन्हा मागा.

समजा चार्जिंग खरंच होत नाही. तरीही अल्टरनेटर बदलण्याआधी चार गोष्टी उरतात. त्या पाहायला पंधरा मिनिटं पुरतात आणि पैसे जवळपास लागत नाहीत, त्यामुळे गिऱ्हाइकाला त्या कुणी सांगत नाही.

किल्ली ऑन करा, इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह पेटलं पाहिजे. कित्येक जुन्या मॉडेलांत अल्टरनेटरच्या रोटरला (आतल्या फिरणाऱ्या भागाला) सुरुवातीचा करंट याच बल्बमधून मिळतो. बल्ब उडाला की चार्जिंग बंद. काही गाड्यांत रेग्युलेटरला इग्निशनची वेगळी वायर फ्यूजमधून येते, तो फ्यूज गेला तरी परिणाम तोच. दिवा पेटतच नसेल तर आधी बल्ब, फ्यूज आणि अल्टरनेटरच्या मागचा सॉकेट बघा. सॉकेटची पिन सैल होणं किंवा हिरवी पडणं फार नेहमीचं आहे. इंजिन चालू असताना दिवा अंधूक पेटत राहिला तर झिजलेले कार्बन (रोटरला करंट पोहोचवणारे ब्रश) किंवा खराब डायोड, दोहोंपैकी एक असण्याची शक्यता मोठी. किल्ली काढल्यावरही पेटलेला राहिला तर डायोड शॉर्ट आहे, आणि रात्री बॅटरी तोच उतरवतोय.

मग बेल्ट. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबला की साधारण दहा मिलिमीटर दबावा. आतून काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर ताणून उपयोग नाही, बदलावा लागतो. पावसाळ्यात सकाळी सुरू करताना किंचाळत असेल तर कारण बहुधा हेच.

सगळ्यात जास्त पैसे ज्या बिघाडावर उकळले जातात, तो वायर आणि अर्थिंगचा. कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने इंजिन ते बॉडीची विणलेली पट्टी आतून सडते, वरून ठीक दिसते. अर्थिंग आणि वायरची अशी तपासणी करा: इंजिन दोन हजारावर, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. मीटरची काळी सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, लाल सळई अल्टरनेटरच्या धातूच्या अंगावर. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थिंगमध्ये. आता लाल सळई अल्टरनेटरच्या मागच्या जाड वायरच्या बोल्टवर, काळी बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर. इथे ०.३ च्या वर गेलं तर ती वायर, तिचं थिंबल (टोकाची धातूची कडी) किंवा मधला मेन फ्यूज करंट अडवतोय. एक व्होल्ट असा वाटेत सांडला तर अल्टरनेटर १४.३ देत असूनही बॅटरीपर्यंत १३.३ च पोहोचतात आणि ती कायम अर्धवट भरलेली राहते. नवी बॅटरी घाला, नवा अल्टरनेटर घाला, तो व्होल्ट तिथेच सांडत राहणार. मीटर नसेल तर जंप केबलची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हपासून इंजिनाच्या कोऱ्या धातूला जोडा आणि सेल्फ मारा. सेल्फ झटक्यात फिरला तर आजार अर्थिंगचा.

हे सगळं ठीक निघालं, तरच अल्टरनेटर उतरवायचा. तेव्हाही बहुतेक वेळा कार्बन, कटआउट किंवा रेक्टिफायर प्लेट यांपैकी एकच गेलेलं असतं आणि सुटं मिळतं. रोटर किंवा स्टेटर (बाहेरचं स्थिर वेटोळं) जळला असेल, स्लिपरिंग (कार्बन टेकतात ती रोटरवरची कडी) खोल झिजली असेल, तर पूर्ण युनिट बदलणं रास्त आहे. ‘नवा’ म्हणून दिलेला अल्टरनेटर नीट निरखा. स्क्रूच्या डोक्यांवर ओरखडे, लेबलच्या कडेवर चढलेला चंदेरी रंग, बेल्टने चकचकीत झालेली पुली, ही दुरुस्त केलेल्या जुन्या मालाची लक्षणं. दुरुस्त केलेला घेण्यात वाईट काही नाही, पण त्याचे नव्याचे पैसे देऊ नका. आणि स्वतःचा अल्टरनेटर गॅरेजात सोडताना कोपऱ्यात नेलपॉलिशचा ठिपका लावून फोटो काढा, तोच रंगवून परत बसवल्याच्या तक्रारी असतात.

चार्जिंग उत्तम, बॅटरीही उत्तम, तरी दोन-तीन दिवस उभी राहिली की गाडी मरते, असं असेल तर कुठेतरी करंटची गळती आहे. बाहेरून लावलेली म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉकिंग, अलार्म, जीपीएस, हे नेहमीचे संशयित. दरवाजे आणि बॉनेटचे दिवे बंद करून निगेटिव्ह केबल काढा, मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून केबल आणि खुंटी यांच्यामध्ये जोडा, पाच-दहा मिनिटं थांबा. मधे किल्ली फिरवू नका, मीटरचा फ्यूज उडेल. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. ३५० दाखवत असेल तर दिवसाला आठ एएचपेक्षा जास्त जातात, ३५ एएचची बॅटरी तीन दिवसांत टेकणारच. एकेक फ्यूज काढत जा, ज्याच्यासरशी आकडा कोसळेल त्या लाइनवर दोष. कुठल्याच फ्यूजने फरक पडला नाही तर अल्टरनेटरची मागची जाड वायर सोडवून बघा, पण बॅटरीची निगेटिव्ह पूर्ण काढल्यानंतरच.

बॅटरी घ्यावीच लागली तर दोन गोष्टींवर अडून बसा. बॅटरीवरचा अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्डावरचा अनुक्रमांक दुकानातच जुळवा, तारीख व शिक्का घ्या. ३६ महिने वॉरंटी म्हटलं तरी त्यात, उदाहरणार्थ, १८ महिने मोफत बदली आणि पुढचे १८ महिने ‘प्रो-राटा’ म्हणजे मुदत सरत जाईल तशी घटणारी सूट, असं असू शकतं. ते कार्डावर वाचून घ्या. जुनी बॅटरी देताना तिची किंमत बिलातून वजा झालेली दिसली पाहिजे. शिशाला भाव आहे, आणि फक्त उतरलेली चांगली बॅटरी चार्ज करून सेकंडहँड विकता येते. म्हणून चांगली बॅटरी बाद ठरवण्यात काहींचा दुहेरी फायदा असतो.

गॅरेजात जाताना आधीच सांगा: बदललेला प्रत्येक पार्ट परत हवा, आणि दुरुस्तीआधीचे व नंतरचे तीन आकडे बिलावर हवेत. इंजिन बंद, इंजिन दोन हजारावर, आणि दोन हजारावर सगळे दिवे लावून. नीट काम करणारा इलेक्ट्रिशियन हे आनंदाने लिहून देतो.

फसवणूक होऊन गेली असेल तर जुना पार्ट, बिल, वॉरंटी कार्ड आणि दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने लिहून दिलेला दोष एकत्र ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे भागलं नाही तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. बिल नसेल तर बाजू लंगडी पडते, म्हणून ‘बिलाशिवाय स्वस्तात करून देतो’ म्हणणाऱ्याकडे बॅटरी किंवा अल्टरनेटर घेऊच नका.