डिझायर देऊन स्कॉर्पिओ घ्यावी का? पुढची ओढ अन् मागचा रेटा

दाजींकडं सात वर्षांची डिझायर आहे, ती देऊन स्कॉर्पिओ क्लासिक नाहीतर बोलेरो घ्यायचं मनात आहे, पण मोंढ्यात कुणीतरी त्यांना सांगितलं की "मागच्या चाकावरची गाडी पावसात गर्रकन फिरती, तुमच्यानं नाय व्हायचं", तेव्हापासून दाजी अडकून बसलेत अन् रोज रात्री जेवण झालं की मला फोन. मी नऊ वर्षं फ्रंट व्हील (म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना) चालवली अन् आता चार वर्षं झाली रिअर व्हील (ताकद मागच्या चाकांना) चालवायलोय, त्यामुळं एकदाच सगळं लिहून टाकतो.

फरक समजायला बैलगाडी आठवा. बैल पुढं असतो, तो जिकडं मान घालील तिकडं गाडी ओढत नेतो, मागचं सगळं आपोआप येतं. ही फ्रंट व्हील. आता भाजीचा हातगाडा बघा, तो मागून रेटायचा असतो अन् वळणावर जास्त रेटला की गाडा तिरका होतो. ही रिअर व्हील. दोन्हीत माल पोचतोच, फक्त हातगाड्याला रेटणाऱ्याचा अंदाज लागतो.

आपल्याकडं पूर्वी अँबेसेडर, पद्मिनी सगळं मागच्या चाकावरच होतं, १९८३ ला मारुती ८०० आली अन् मग हळूहळू घरगुती गाडी म्हणजे पुढच्या चाकाचीच झाली. आज स्विफ्ट, डिझायर, वॅगनआर, आय ट्वेंटी, नेक्सॉन, क्रेटा सगळ्या पुढच्या. बोलेरो, स्कॉर्पिओ क्लासिक, ईको, फॉर्च्युनरचं टू व्हील मॉडेल हे मागच्या. नुसत्या नावावर मात्र जाऊ नका, इनोव्हा क्रिस्टा मागच्या चाकावर आहे अन् हायक्रॉस पुढच्या, जुनी सफारी मागच्या होती अन् २०२१ ला आलेली पुढच्या. अन् गंमत म्हणजे इलेक्ट्रिकमधी मागचं चाक परत आलंय, महिंद्राची बीई ६ मागच्या चाकावर पळती, एवढीशी एमजी कॉमेटसुद्धा.

कोरड्या डांबरावर, साठ-सत्तरच्या स्पीडनं दाजींना फरक कळणारसुद्धा नाही. जे कळंल ते वेगळंच, गाडी उंच आहे, जड आहे, वळणावर कलती, ब्रेक मारला की नाक खाली जातं. लोक हे सगळं रिअर व्हीलच्या नावावर टाकतात, पण ते उंचीचं अन् वजनाचं आहे, उंच फ्रंट व्हील घेतली तरी थोडंफार तसंच वाटणार.

खरा फरक ओल्या वळणावर. फ्रंट व्हीलमधी इंजिन, गिअरबॉक्स सगळं पुढच्या चाकांच्या डोक्यावर बसलेलं असतं, पण त्याच चाकांनी ओढायचं बी अन् वळवायचं बी. जास्त जोरात वळणात घुसलात की गाडी वळायच्या ऐवजी सरळ बाहेरच्या बाजूला जायला बघती. तेव्हा भ्यालेला माणूस काय करतो, ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, अन् बहुतेक वेळा तेवढ्यानंच गाडी परत लायनीवर येती. म्हणजे भीतीनं जे होतं तेच बरोबर ठरतं, म्हणून ही गाडी नवशिक्याला सांभाळून घेती.

रिअर व्हीलमधी पुढच्या चाकांना फक्त वळायचं काम, त्यामुळं स्टेअरिंग हातात मोकळं लागतं. पण वळणाच्या मधोमध पाय दाबला अन् मागच्या चाकाखाली ओलं असलं, तर शेपूट बाहेर निघतं. इथं भीतीनं जे होतं ते नेमकं उलटं असतं.

माझंच सांगतो. मृगाचा पहिला पाऊस, माजलगावकडं चाललो होतो, रस्ता चांगला डांबरी पण शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरनं काळ्या मातीचे पट्टे टाकलेले, वरून रिपरिप, म्हणजे साबण लावलेली फरशीच समजा. डावीकडं वळण होतं, स्पीड चाळीसच्या आसपास, सेकंड गिअर, अन् नऊ वर्षांच्या सवयीनं वळणातच पाय दाबला. आधी सीटखालून काहीतरी सरकल्यासारखं वाटलं (हे लक्षात ठेवा, डोळ्याला दिसायच्या आधी बुडाला कळतं), मग मागची बाजू उजवीकडं निघाली अन् मी कचकन ब्रेक मारला. गाडी अख्खी फिरली अन् मागचं बम्पर बाभळीत. डब्यातली आमटी सीटखाली. शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला, गाडीचं तोंड आलो त्या दिशेला बघून म्हणला, "काय पाव्हणं, माघारी चाललाव का?"

करायचं काय होतं? ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावायचाच नव्हता. शेपूट उजवीकडं चाललं तर स्टेअरिंग पण उजवीकडं, ॲक्सिलरेटर हळूहळू ढिला, एकदम सोडायचा नाही, अन् गाडी सावरायला लागली की स्टेअरिंग लगेच परत आणायचं, नाहीतर ती दुसऱ्या बाजूला झोका खाती. वाचायला सोपंय, पण पायाला शिकवावं लागतं. मी गावाबाहेरच्या एका रिकाम्या एनए प्लॉटिंगवर शिकलो, मुरमाचे रस्ते, पाऊस झालेला, वीस-पंचवीसच्या वर स्पीड नाही, मालकाला विचारून. दोन रविवार गेले, बाभळीचे ओरखडे मात्र अजून आहेत. गाडीत ईएसपी (घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलं तर ती स्वतःच ठराविक चाकाला ब्रेक लावून बरंच सावरती, म्हणून शोरूमला सनरूफच्या आधी ते विचारा.

आता चिखल. लोकांना वाटतं मागच्या चाकाची गाडी म्हणजे पांदणीतून कुठंबी निघंल. साफ चुकीचं. मावसभावाचा पिकअप शेताकडं रिकामा चालला होता अन् ओढ्याच्या अलीकडंच बसला. एक चाक गरगर फिरायलं अन् दुसरं गप, साधा डिफरन्शियल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा भाग) असाच, ज्या चाकाला पकड नाही त्यालाच फिरवत बसतो. वरून आपली काळी माती टायरच्या नक्षीत अशी भरती की टायर गुळगुळीत लाडू होतो. शेवटी डीएपीची ५० किलोची चार पोती मागं टाकली, दोन पोरं फाळक्यावर बसवली, चाकापुढं तुराट्या टाकल्या, सेकंड गिअरला हळू उचलला तेव्हा निघाला. रिकामी असताना फ्रंट व्हील गाडी अशा जागी उलट बरी जाती कारण वजन चालणाऱ्या चाकावरच असतं, तिची अडचण वेगळी, पोट टेकतं. म्हणजे भरलेली असंल तर मागचं चाक, रिकामी असंल तर पुढचं. बोलेरो निओच्या वरच्या व्हेरिएंटला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल मिळतो, एक चाक नुसतं फिरायलं की तो दुसऱ्यालाही ताकद देतो, रोज शेताचा रस्ता असलेल्यानं तेवढे पैसे जरूर घालावेत.

घाटात चढताना रिअर व्हीलला तोड नाही. कन्नडचा घाट घ्या की धारूरचा, चढावर वजन मागं सरकतं अन् तिथंच ताकद, सात माणसं भरून मधीच थांबून परत उचलली तरी तक्रार नाही. तिथंच भरलेली डिझायर खडीवर थांबली की पुढची चाकं खरखर करतात. उतरताना मात्र उलटं. थर्डवरून सेकंडला टाकून क्लच झटक्यात सोडायची सवय असंल तर ती आधी मोडा, गाडी रिकामी अन् रस्ता ओला असला तर मागची चाकं तेवढ्यानंच घसटतात.

अजून एक गोष्ट, जी मला कुणी सांगितली नव्हती. डिझायर उतारावर गिअरमधी टाकून हँडब्रेक लावला की पुढची चाकं गिअरनं अन् मागची हँडब्रेकनं धरलेली असतात. रिअर व्हीलमधी दोन्ही पकडी बहुतेक गाड्यांत मागच्याच चाकांवर, पुढची मोकळी. अन् पंक्चर झालं म्हणून मागचं एक चाक जॅकवर उचललं की डिफरन्शियलमुळं गिअरची पकड गेलीच समजा. म्हणून गाडीत लाकडाची एक पाचर नाहीतर बरा दगड कायम ठेवा अन् जॅक लावायच्या आधी तो चाकाला लावा.

खर्चाचं थोडक्यात, फ्रंट व्हीलमधी पुढची टायरं लवकर झिजतात अन् एक्सेलचं बूट (रबरी टोपण) फाटलं की पूर्ण वळणावर कटकट आवाज येतो, रिअर व्हीलमधी प्रोपेलर शाफ्टचे (मागच्या चाकांकडं ताकद नेणारा दांडा) क्रॉस म्हणजे सांधे अन् डिफरन्शियलचं ऑइल बघावं लागतं, ॲव्हरेज जड गाडीचं कमीच. समृद्धीवर १२० नं सरळ जायचं असंल तर कुठलं चाक चालतंय यानं काही होत नाही, टायर कसलंय यानं होतं.

तर दाजी, तुमचं रोजचं जाणं-येणं दुकान ते घर अन् महिन्यातून एकदा संभाजीनगर असंल, माणसं चार, तर डिझायर राहू द्या, नाहीतर उंचच पाहिजे तर फ्रंट व्हीलवालीच एखादी उंच घ्या. पण तुम्ही म्हणलाव तसं आता शेतावर खत-बियाणं न्यायचंय, घरचे सात जण येरमाळ्याला जायचे, तर मागच्या चाकाचीच घ्या अन् मोंढ्यातल्याचं ऐकू नका. बयाणा द्यायच्या आधी एका रविवारी इकडं या. माझी गाडी घेऊन प्लॉटिंगवर जाऊ, आदल्या रात्री पाऊस झालेला असला तर लईच चांगलं. ताईला मात्र सोबत आणू नका, अन् डबा बी नको.