पाटी नसलेलं किराणा दुकान: सहा महिन्यांचा अनुभव

आमच्या गावच्या चौकात, मारुतीच्या पाराला लागून एक किराणा दुकान आहे. त्यावर पाटी नाही. दोन फळ्यांचं दार, पुढं लोखंडी जाळी, जाळीला शाम्पूच्या पुड्यांच्या माळा आणि आत उजव्या हाताला साखरेचं पोतं. गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात, घरं दीडशे-पावणेदोनशे. गावातलं दुकान महाग पडतं म्हणून महिन्याचा किराणा तालुक्याच्या मार्टातून आणायचा ज्यांचा विचार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी स्वतः दोन वर्षं तेच केलं. 2025 च्या जूनपासून मात्र चौकातल्या दुकानात पुन्हा खातं उघडलं आणि प्रत्येक जिनसाचा भाव वहीत टिपून ठेवला. आता डिसेंबर लागला आहे.

घरात आम्ही पाच: मी, हे, सासूबाई, दहावीतली मुलगी आणि सहावीतला मुलगा. वावर पाच एकर, सगळं कोरडवाहू. कापूस, सोयाबीन आणि मधात तुरीचे तास. पैसा येतो तो दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा, मग कापसाचा, आणि फेब्रुवारीत थोडा तुरीचा. चूल मात्र रोज पेटते, आणि तिथंच सगळी ओढाताण होते.

आमचं रेशनकार्ड केशरी आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना आधी माणशी 5 किलो धान्य मिळायचं, गहू 2 रुपये आणि तांदूळ 3 रुपये किलो. 2023 पासून धान्याऐवजी खात्यात पैसे यायला लागले, सुरुवातीला माणशी महिन्याला 150 रुपये. पाच माणसांचे 750. मी हिशेब मांडला: तेवढाच गहू-तांदूळ दुकानातून आणायचा म्हटलं, तर 34 नं 20 किलो गहू 680 रुपयांचा आणि 45 नं 5 किलो तांदूळ सव्वादोनशेचा. म्हणजे 905. पूर्वी हेच धान्य 60 रुपयांच्या आत घरात यायचं. तेव्हापासून आमच्या किराण्याच्या यादीत गहू आणि तांदूळ नव्यानं आले, आणि यादी लांबली की माणूस स्वस्ताई शोधत तालुक्याला जातो. आम्हीही गेलो.

मार्टात भाव कमी असतात हे खरंच आहे. ऑगस्टमध्ये मी एकाच आठवड्यात दोन्हीकडे सारखी यादी ताडून पाहिली. साखर, गोडंतेल, चायपत्ती, पोहे, बेसन, मीठ, कपड्याचा साबण, अंगाचा साबण, मिरची, हळद, जिरं. मार्टात 2,310 रुपये, गावात 2,505. फरक 195 चा. महिलांना एसटीचं तिकीट अर्धं झालं तेव्हापासून जाणं सोपं वाटतं, पण तरी जाऊन-येऊन 40 रुपये लागतात. फाट्यावरून सामानासकट गावात यायला ऑटोचे 30. आणि तो दिवस निंदणाचा. मजुरी 250 रुपये, ती बुडते. कापूस वेचायच्या दिवसांत तर किलोमागं 10 रुपये मिळतात, हात चालला की पस्तीस किलोपर्यंत वेचणं होतं. म्हणजे 195 वाचवायला मी सव्वातीनशे सोडत होते, आणि दोन वर्षं माझ्या हे लक्षातच आलं नाही, कारण बुडालेली मजुरी कोणत्याच बिलावर छापून येत नाही.

बिलावर छापून येतं ते वेगळंच. मागच्या वर्षीची मार्टाची बिलं मी जपून ठेवली आहेत. एका महिन्याचं बिल 2,870 चं, त्यातले 412 रुपये यादीबाहेरचे: सॉसची बाटली, नूडल्सचं मोठं पाकीट, एकावर एक फुकट मिळालेली भांड्याची घासणी. मुलगा सोबत होता. त्याला प्रत्येक वेळी नाही म्हणणं मला जमत नाही, आणि का जमावं? एकदा बेसनाच्या पाकिटाखाली 82 रुपये लिहिलेलं होतं आणि बिलात 96 लागले. घरी येऊन पाहिलं. आता 14 रुपयांसाठी परत कोण जाणार?

गोडंतेलाबद्दल नीट लिहिते, कारण घरखर्चात सगळ्यात जास्त रडवलं ते तेलानं. 2024 च्या सप्टेंबरात महालक्ष्म्या उठल्या आणि दोनच दिवसांनी, 14 तारखेला, सरकारनं खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं. कच्च्या तेलावर शून्याचं 20 टक्के झालं. माझ्या वहीत महालक्ष्म्यांच्या सामानात सोयाबीन तेलाचा पुडा 114 ला लिहिला आहे आणि दसऱ्याच्या सामानात 138 ला. सांगितलं असं, की आपल्या सोयाबीनला भाव मिळावा म्हणून हे केलं. आम्ही वाट पाहिली. हमीभाव होता 4,892, आमचं सोयाबीन गेलं 4,100 नं. क्विंटलभर सोयाबीनमधून 18 किलोच्या आसपास तेल निघतं; ज्या घरातून पोती भरून सोयाबीन जातं त्याच घरात तेलाचा पुडा मोजूनमापून येतो. 2025 च्या मे अखेरीस शुल्क निम्मं केलं, पण पुड्याचा भाव मागच्या जागी काही गेला नाही.

त्या वर्षापासून आम्ही महिन्याला चार पुड्यांचे तीन केले. पातोडीच्या रश्श्यावरची तर्री गेली. शनिवारचे भजे बंद झाले. वरणफळं, अंबाडीची भाजी, कढीगोळे जास्त होतात. सासूबाई म्हणतात, "डब्बा पाहून फोडनी घाल वं, तोंडं पाहून नको." त्यांनी 1972 चा दुष्काळ पाहिला आहे, त्यांना हे जमतं. लेकरं ताटाकडं पाहतात तेव्हा मला मात्र जमत नाही.

याच तेलावरून मी चौकातल्या दुकानात परत आले. मे महिन्यात मीठ घ्यायला गेले होते, हातात मार्टातून आणलेला पुडा होता. दुकानदार ह्यांच्या वर्गातले, मी भाऊजी म्हणते. त्यांनी पुडा हातात घेतला, उलटा केला आणि बारीक अक्षरांवर बोट ठेवलं. "वहिनी, हा लिटर नाही." खरंच, वजन 750 ग्रॅम छापलं होतं. सोयाबीन तेलाचा एक लिटर म्हणजे 910 ग्रॅमच्या आसपास. पुडा दिसायला तेवढाच, रंग तोच, भाव 10 रुपये कमी. मी वर्षभर तो स्वस्त म्हणून आणत होते! पाकिटावर एका ग्रॅमला किती पडलं तेही आता छापलेलं असतं, ते वाचायला मला त्यांनी शिकवलं. तेव्हापासून मुलगी साबण, बिस्किटं, सगळ्याचं वजन वाचते. पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचाच राहिला, आतली बिस्किटं कमी झाली, हे तिनं जुनं आणि नवं कागद शेजारी ठेवून दाखवलं.

दुकानाच्या चांगल्या गोष्टी. पाव किलोला भाव किलोचाच लागतो. साखर 44 नं असेल तर पाव किलोचे 11 रुपये, वर रुपया नाही. रोज संध्याकाळी मजुरी हातात आल्यावर सामान नेणाऱ्या बायांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. वजनकाटा गिऱ्हाइकाकडं तोंड करून ठेवला आहे, पिशवी ठेवायच्या आधी आकडा शून्यावर आणतात. आणि भाव उतरणार असेल तर आधी सांगतात. दोनदा मला तीन पुडे मागितल्यावर एकच दिला: "आज एकच न्या. मंगळवारी नवा माल येते, दोन-तीन रुपयानं उतरन." एकदा उतरला, एकदा नाही उतरला. पण सांगितलं तरी.

खात्याची वही लांबोडकी, लाल कापडी पुठ्ठ्याची. प्रत्येक घराला चार पानं. नोंद झाली की वही ते माझ्याकडं फिरवतात, मी वाचते, मग माझ्या वहीत उतरवते. जूनमध्ये बी-खताला घरातला सगळा पैसा गेला, तेव्हापासून कापूस विकेपर्यंत आमचं पान भरत होतं. लाडक्या बहिणीचे 1,500 आले की त्यातले हजार मी खात्यावर भरायची. तरी नोव्हेंबरात बाकी 9,860 निघाली. मेळ घालताना सप्टेंबरात दोन किलो साखर दोनदा लिहिलेली सापडली. मी दाखवली, त्यांनी माझी वही पाहिली आणि वाद न घालता रेघ मारली. कापूस हिंगणघाटला व्यापाऱ्याला 6,900 नं दिला. 2025-26 च्या हंगामाचा हमीभाव 8,110 होता, पण त्यासाठी नोंदणी, ओलाव्याची अट आणि पैशाची वाट पाहणं, आणि आमच्याजवळ वाट पाहायला दिवस नव्हते. दुकानाचे पैसे त्याच संध्याकाळी दिले.

आता खात्यावरचा भाव रोखीपेक्षा जास्त असतो, हे लपवत नाही. साखरेला रुपया, तेलाला तीन रुपये, डाळीला दोन. सहा महिन्यांत ते 260 रुपये झाले. बचत गटातून तेवढे पैसे काढत गेले असते तर शेकडा दोन रुपये महिन्यानं व्याज पाचशेच्या पुढं गेलं असतं. म्हणून मला हे जाचक वाटलं नाही. पण त्यांनी ते स्वतःहून सांगायला हवं होतं, मला वहीवरून शोधून काढावं लागलं. विचारल्यावर म्हणाले, ठोकवाला त्यांना पंधराच दिवस थांबतो. पटलं. तरीही आधी सांगायला हवं होतं.

उणी बाजू आणखी आहे. तुरीची डाळ चांगली नसते: चुरी जास्त, तेल लावून चमकवलेली, शिजायला वेळ खाते आणि मग सिलिंडर लवकर संपतं. शक्यतो डाळ घरची ठेवा. हे मी सोसून सांगते. 2024 च्या फेब्रुवारीत तुरीला 9,500 चा भाव आला म्हणून आम्ही घरासाठी ठेवलेलं पोतंही विकलं, आणि जुलैमध्ये 170 रुपये किलोनं डाळ विकत आणली. सासूबाई दोन दिवस बोलल्या नाहीत. या वर्षी एक पोतं बांधून सासूबाईंच्या खाटेखाली ठेवायचं ठरलं आहे.

बिस्किटांवरची तारीख पाहून घ्या; मला एकदा उलटलेली मिळाली, बदलून दिली. आणि 2025 च्या 22 सप्टेंबरला अंगाचा साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांवरचा जीएसटी 18 चा 5 टक्के झाला, तेव्हा मार्टात त्याच आठवड्यात भाव उतरले. इथं जुना माल संपता संपता ऑक्टोबर अर्धा गेला. त्या महिन्यात मी साबण-पेस्ट तालुक्याहून मागवली, मुलीच्या शिकवणीच्या मॅडम येता-जाता आणतात त्यांच्याकडून. यात लपवण्यासारखं काही नाही, भाऊजींनाही सांगितलं.

सगळ्यात मोठी तक्रार भाव लिहिलेले नसण्याची होती. प्रत्येक वेळी विचारावं लागतं, आणि मागं चार माणसं उभी असली की गरीब माणूस भाव विचारत नाही, गुपचूप पैसे देतो. मी आणि गटातल्या दोघींनी दिवाळीनंतर भाऊजींना हे सांगितलं. मागच्या गुरुवारी जाळीला शाळेची जुनी पाटी टांगलेली दिसली. सहा जिनसांचे भाव खडूनं लिहिलेले, रोखीचा वेगळा, खात्याचा वेगळा. तेलाचा आकडा ओल्या बोटानं पुसून पुन्हा लिहिलेला होता.

दुकान सकाळी सहाला उघडतं, दुपारी एक ते तीन बंद, रात्री नऊपर्यंत चालू. ऑनलाइन पैसे चालतात, पण रेंज नसली की अडतं, म्हणून थोडी चिल्लर जवळ ठेवा. आणि नवं खातं उघडायचं असेल तर सकाळी अकराच्या सुमारास जा. तेव्हा गर्दी नसते, चार लोकांपुढं मागावं लागत नाही.