इनहेलर विकणारे आणि शिकवणारेही मेडिकल

कोथरूडमधील आमच्या घराजवळच्या मेडिकलविषयी हा अभिप्राय आहे. सवलत किंवा घरपोच सेवा यांत हे दुकान इतरांहून वेगळे नाही. सवलत तर ऑनलाइन अधिकच मिळते. तरीही घरात दम्याचा रुग्ण असल्यास इनहेलर येथूनच घ्यावा असे माझे मत आहे, कारण येथील फार्मासिस्ट बाई तो कसा घ्यायचा हे नुसते सांगत नाहीत, रुग्णाकडून समोर करवून घेतात.

माझी आई बुडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल या दम्याच्या औषधाच्या कॅप्सूल रोटाहेलरमधून, म्हणजे कॅप्सूलमधली पूड श्वासाने ओढायच्या छोट्या यंत्रातून, नियमित घेत असे, आणि तरीही पहाटे धाप लागत असे. ‘‘काकू, घरी घेता तसंच घेऊन दाखवा,’’ असे बाईंनी म्हटल्यावर आईने आधी यंत्रातच श्वास सोडला आणि मग गरम चहाचा घोट घ्यावा तसा हळूच आत ओढला. बाईंनी यंत्र उघडून कॅप्सूलमध्ये उरलेली पूड तिला दाखवली. या यंत्रात पूड उडवणारा जोर रुग्णाच्या श्वासाचाच असतो. म्हणून यंत्र तोंडापासून दूर धरून श्वास पूर्ण सोडायचा, मग यंत्राभोवती ओठ घट्ट मिटून जोरात व खोल ओढायचा आणि दहा आकडे मोजेपर्यंत रोखायचा, हे त्यांनी आईला जमेपर्यंत करून घेतले. औषधात स्टेरॉइड असल्यामुळे तोंडात बुरशी होऊ नये म्हणून नंतर चूळ भरायची, हेही बजावले.

दाबायच्या पंपाचे तंत्र याच्या उलट असते: श्वास संथ घ्यायचा आणि तो सुरू होताच पंप दाबायचा. ज्यांना हा मेळ साधत नाही त्यांना बाई स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये धरायची पोकळ नळी, सुचवतात आणि तो साबणाच्या पाण्याने धुऊन, न पुसता वाळवायला सांगतात, कारण पुसल्याने स्थिर विद्युत निर्माण होऊन औषध भिंतींना चिकटते. धाप लागल्यावर तात्पुरता आराम देणारा साल्ब्युटामॉलचा निळा पंप कोणी वारंवार मागितला, तर मागचा कधी संपला हे विचारून त्या डॉक्टरांकडे पाठवतात. दुकानाचा धंदा त्यामुळे बुडत असेल, पण हे योग्यच आहे. वर्षाला तीन किंवा अधिक असे पंप लागणे हे दमा आटोक्यात नसल्याचे लक्षण मानले जाते.

फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार रुग्णाला समुपदेशन करणे हे फार्मासिस्टचे कामच आहे, तेव्हा याला उपकार म्हणायला नको. इतरत्र मात्र ते क्वचितच घडते. या दुकानातही बाई नसल्या की काउंटरवरची मुले स्पेसरचा खोका न उघडताच पिशवीत टाकतात. बसायला एकच खुर्ची आहे आणि संध्याकाळच्या गर्दीत चारचौघांसमोर यंत्र तोंडाला लावणे वयस्कर माणसांना अवघड वाटते. बाई सकाळच्या पाळीत असतात. तेव्हाच जावे आणि घरचे जुने यंत्र सोबत न्यावे.