पद्मिनीचे इंडिकेटर: इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आणि नवं अर्थिंग, एक पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगतो, मग पुराण. ऐंशीच्या दशकातल्या प्रीमियर पद्मिनीतला जुना थर्मल फ्लॅशर (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) काढून तीन पिनांचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवला, त्याला आता एक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा झाला. दोनशेच्या आसपास किंमत, पैसे वसूल. पण इंडिकेटर खरे सुधारले ते मागच्या दिव्यांना ओढलेल्या दोन काळ्या अर्थ वायरींमुळे, आणि त्या वायरींचा खर्च चहा-भजीएवढासुद्धा नाही.

तक्रारी फियाटवाल्यांना (पद्मिनी मूळची फियाटच) तोंडपाठ असतील. सिग्नलला उभं असताना इंडिकेटर रेंगाळायचा. डावा मारला की कधी नुसताच जळत राहायचा. रात्री दिवे लावले की मागचा इंडिकेटर पेटताना टेल लॅम्प मंद व्हायचा. आणि सगळ्यात भारी म्हणजे ब्रेक दाबला की पुढचा डावा इंडिकेटर मिणमिणायचा. यावर बहुतेक गॅरेजांत उत्तर एकच: "फ्लॅशर गेलाय, बदलून टाकू." बदलून दिला की आठवडाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

जुन्या फ्लॅशरची बाजू घेऊन दोन शब्द बोलायला हवेत, कारण तो बिचारा फुकट बदनाम आहे. ॲल्युमिनियमचा गोल डबा, खाली बी, एल, पी अशी टर्मिनल्स: बॅटरी, लोड आणि डॅशबोर्डवरची पायलट बत्ती. आत तापून हलणारी तार किंवा पट्टी. करंट गेला की ती तापते, थांबला की निवते, आणि त्या तापण्या-निवण्यातूनच ताल धरला जातो. म्हणजे ताल पूर्णपणे करंटवर. पुढचा २१ वॅट, मागचा २१ वॅट, मिळून १२ व्होल्टला साडेतीन ॲम्पिअर, हे गणित जमलं तरच तो नीट चालतो. माझ्यासारख्या डायनामोवाल्या गाडीत आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, चार्जिंग जवळपास नसतंच, व्होल्टेज खाली येतं, करंट घटतो आणि इंडिकेटर पेंगायला लागतो. तो दोष फ्लॅशरचा नाही. गाडी जरा रेस केली की पठ्ठ्या जागा होतो.

ब्रेक दाबल्यावर पुढचा इंडिकेटर का जळावा, हे कोडं मात्र डब्याच्या पलीकडचं होतं. मागचा डावा दिवा खोलला. होल्डरवर हिरवट कीट, आणि दिवा बॉडीला धरणाऱ्या स्क्रूखाली रंगाचा जाडजूड थर. मागे कधीतरी गाडी रंगवताना पेंटरने पत्रा छान झाकला होता आणि त्याबरोबर दिव्याचा बॉडी अर्थही, म्हणजे करंटची बॅटरीकडे परतायची वाट. या गाडीत निगेटिव्हचा रस्ता पत्र्यातूनच जातो. तो बंद झाला की ब्रेक लाइटचा करंट दुसरी वाट शोधतो: शेजारच्या इंडिकेटर बल्बच्या फिलामेंटमधून उलटा, इंडिकेटरच्या वायरीने पुढे, आणि पुढच्या डाव्या बल्बातून तिथल्या चांगल्या अर्थला. म्हणून पाय ब्रेकवर आणि उजेड पुढच्या मडगार्डवर.

हे ओळखायला टेस्ट लॅम्प पुरत नाही, मल्टिमीटर लागतो. पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ साधा डिजिटल मिळतो, तेवढा बास. वीस व्होल्ट डीसीवर ठेवायचा, एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरा दिव्याच्या होल्डरच्या पत्र्याला, आणि दिवा चालू ठेवून वाचायचं. दिवा बंद ठेवून ओहम मोजत बसू नका. करंट वाहत नसताना सडका जॉइंटसुद्धा साळसूद दिसतो. माझ्याकडे ब्रेक दाबल्यावर पावणेदोन व्होल्ट दिसले. ०.१ ते ०.२ च्या वर गेलं तर अर्थ खराब समजायचा. स्क्रूखालचा रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला, होल्डर साफ केला, आणि शिवाय प्रत्येक मागच्या दिव्यापासून डिकीतल्या एका स्वच्छ बोल्टपर्यंत वेगळी काळी वायर ओढली, टोकाला थिंबल (धातूचं कडं) दाबून, वर थोडं व्हॅसलीन चोपडून. आकडा ०.०५ वर आला. मिणमिणणं त्याच क्षणी बंद, आणि तेव्हा फ्लॅशर अजून जुनाच होता.

बल्ब बदलताना एक पाहा. टेल-ब्रेकच्या २१/५ वॅटच्या बल्बच्या बाजूच्या पिना वर-खाली असतात, मुद्दाम. दामटून उलटा बसवला तर टेल लॅम्प ब्रेकएवढा जळतो आणि ब्रेक दाबल्यावर काही कळतच नाही. रस्त्यावर अशा गाड्या दिसतात.

स्टिअरिंगखालच्या स्विचने जास्त वेळ खाल्ला. आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालं होतं, पितळी संपर्क काळे. फ्लॅशरकडून येणाऱ्या वायरीपासून दिव्याकडे जाणाऱ्या वायरीपर्यंत जाताना अर्ध्या व्होल्टहून जास्त व्होल्टेज वाटेतच पडत होतं. कॉन्टॅक्ट क्लीनर, बारीक पॉलिश पेपर, पुसटसं ग्रीस, एवढ्यावर काम झालं. दांडी परत आणणारा खटका मात्र झिजलेला आहे. डावीकडून येते, उजवीकडून हाताने आणावी लागते. नाना पेठेत विचारलं, जुन्या बाजारातही बघितलं. मिळालेला स्विच माझ्याहून जास्त झिजलेला निघाला.

मध्यंतरी एका दुकानातून 'पूर्ण गाडीचा' तयार वायरिंग सेट आणून बघितला होता. तो परत केला. वायरी अंगापेक्षा कातड्याने जाड, आत तांब्याच्या चार काड्या, रंग मूळ आराखड्याशी कुठेच न जुळणारे. जुन्या हार्नेसमधल्या (गाडीभर फिरणाऱ्या वायरींच्या जुडग्यातल्या) वायरी बऱ्याचदा ठणठणीत असतात, सडतात ती टोकं. आमच्याकडचे वायरमन काका म्हणतात, "वायर मरत नाही हो, तिचं टोक मरतं." टोकं कापून नवीन लग (वायरीच्या टोकाची धातूची जोडणी) दाबले, फ्यूज बॉक्समधल्या चिनीमातीच्या फ्यूजच्या बैठका घासल्या, बाकी हार्नेस तसाच ठेवला.

आता इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरकडे. बसवायला सोपा, फक्त तिसऱ्या पिनेला स्वतःचा अर्थ द्यावा लागतो. पद्मिनी निगेटिव्ह अर्थची आहे म्हणून अडचण नाही. मॉरिस मायनरसारख्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॉडीला बॅटरीचं पॉझिटिव्ह जोडलेल्या, ब्रिटिश गाडीत हाच जोडला तर तो चालणार नाही, बहुधा जळेलच. ताल एकसारखा, आयडलवरही. नियमाला मिनिटाला ६० ते १२० वेळा लागतं, हा साधारण मधोमध बसतो. ताम्हिणीत भर पावसात, हेडलाइट, वायपर आणि इंडिकेटर सगळं एकत्र चालू असताना पूर्वी डायनामो हात टेकायचा. बॅटरीवरचा ताण आजही तोच आहे, पण इंडिकेटरची लय तुटत नाही. मागचा गाडीवाला आता हॉर्न वाजवत नाही.

नावडलेली गोष्ट एक, पण मोठी. जुना फ्लॅशर चहाडखोर होता. एक बल्ब गेला की करंट निम्मा व्हायचा, ताल बिघडायचा आणि चालवणाऱ्याला बसल्या जागी कळायचं. मी घेतलेला फ्लॅशर लोड बघतच नाही, त्यामुळे पुढचा बल्ब उडाला तरी मागचा त्याच सुरात टकटकतो. पावसाळ्यात माझा पुढचा उजवा बल्ब उडाला होता आणि ते पेट्रोल पंपावरच्या मुलाने सांगितलं. खेरीज आवाज इतका बारीक की इंजिनाच्या घरघरीत ऐकू येत नाही. आपोआप न परतणाऱ्या दांडीबरोबर ही जोडी वाईट. डॅशबोर्डखाली छोटा बझर लावावा लागला.

एलईडी बल्बही लावून पाहिले. नारिंगी काचेमागे पांढरा एलईडी फिकट दिसतो, नारिंगीच घ्यावा लागतो, आणि जुन्या रिफ्लेक्टरमध्ये त्याचा उजेड नीट पसरत नाही. दुपारी उन्हात साधा २१ वॅटच बरा दिसला, म्हणून पुन्हा तोच लावला. आणखी एक खोड सांगून ठेवतो: काही जुन्या गाड्यांत दोन्ही बाजूंना मिळून डॅशबोर्डवर एकच बत्ती असते आणि ती डाव्या-उजव्या वायरींच्या मध्ये जोडलेली असते. तिथे सगळीकडे एलईडी लावले तर एका बाजूचा इंडिकेटर दिला तरी चारही दिवे लुकलुकतात.

सुट्या भागांचं पुढे काय, हा प्रश्न आहेच. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनींमुळे बाजारात माल फिरता होता. शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या मर्यादेमुळे २०२३ च्या ऑक्टोबरात उतरली. फ्लॅशर, बल्ब, होल्डर हे सामायिक असल्याने मिळत राहतील. स्विच आणि मागच्या दिव्यांच्या काचा दिसतील तिथे उचलून ठेवा.

कुणी विचारलं तर क्रम असा सांगेन: आधी अर्थ, मग स्विच, मग फ्यूजच्या बैठका, आणि एवढं करूनही आयडलवरची पेंग खटकत असेल तरच हा फ्लॅशर. घेतलात तर दर पेट्रोल भरताना चारही दिवे खाली उतरून बघायचे. जुना डबा मी फेकलेला नाही. डायनामोच्या जागी आयडलवरही चार्ज करणारा अल्टरनेटर बसवायचं चाललं आहे. ते झालं की तोच परत लावून बघणार.