भांडण मराठीत, समुपदेशन हिंदीत: कुठली थेरपी घ्यावी?

इंदुरात कुणी विचारलं की 'आम्ही दोघं समुपदेशनाला जावं म्हणतोय, कुठली थेरपी बरी?' तर मी उलट विचारते, भांडण झाल्यावर तुमच्या घरी काय होतं?

एक बोलत सुटते आणि दुसरा मोबाईल घेऊन गच्चीवर जातो, असं असेल तर भावनाकेंद्री थेरपी (ईएफटी) बघा. स्यू जॉन्सन आणि लेस्ली ग्रीनबर्ग यांनी १९८०च्या दशकात ती कॅनडात घडवली. साधारण ८ ते २० बैठका. 'याला माझी गरजच उरली नाही' ही रागाखालची भीती जोडीदारासमोर बोलायची, हे तिचं मर्म. आमचं घोडं इथेच अडलं. घरी भांडतो मराठीत आणि समुपदेशक बाईंशी बोलायचं हिंदीत. मी म्हटलं, "मैं हिरमुस गई." बाई म्हणाल्या, "मतलब नाराज?" नाही हो! नाराजीत राग असतो, हिरमुसण्यात आशा मावळलेली असते. त्यावर अर्धी बैठक गेली. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, मध्येच मराठीत बोललेलं समजेल का?

भांडण पैसा, सासर-माहेर, भांडी कोण घासणार यावर असेल तर वर्तनावर काम करणारी पद्धत सोयीची. तिथे भाषेचा अडसर कमी. तिच्यात दोन वाटा आहेत: एक बदलावर भर देणारी, दुसरी ख्रिस्तेन्सन-जेकबसन या मानसशास्त्रज्ञांची, 'जोडीदाराच्या काही खोडी स्वीकारा' म्हणणारी. अमेरिकेत १३४ जोडप्यांवर दोन्ही ताडून पाहिल्या. पहिली दोन वर्षं स्वीकाराची वाट थोडी सरस ठरली, पाच वर्षांनी फारसा फरक उरला नाही. तेव्हा या दोन्हींत फार घोळ घालू नका.

भांडण नाही, पण जवळीकच आटली आहे? मग मास्टर्स-जॉन्सन या लैंगिकतेच्या अभ्यासकांची १९७०ची स्पर्श-सरावाची पद्धत. सुरुवातीला संभोगाला चक्क बंदी, आळीपाळीने नुसता स्पर्श, तोही आधी लैंगिक अवयव वगळून. 'जमेल ना?' ही धास्तीच त्याने निघून जाते. अडचण एकच, बंद दार. रामबागेत दोन खोल्यांत राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीने सासूबाईंच्या भजनाची दुपार धरली! मात्र आधी डॉक्टरांना भेटा. मधुमेह, नैराश्याच्या काही गोळ्या किंवा संबंधांच्या वेळचं दुखणं असेल, तर नुसत्या सरावाने भागत नाही.

मारहाण होत असेल तर यातलं काहीच जोडीने नको. एकटीने मदत घ्या. महिला हेल्पलाइन १८१ आहे. आणि समोरची व्यक्ती क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, संकोच करू नका.