आयनिक लिक्विडवर आयपीए रिकव्हरी: आठ महिन्यांनंतर

अंबडच्या आमच्या युनिटमध्ये धुलाईच्या पाण्यातून आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) परत काढावं लागतं. दुखणं जुनंच: वजनाने साधारण ८८ टक्क्यांवर आलं की ते ८० अंशांच्या आसपास पाण्यासकट त्याच प्रमाणात उकळतं. मग ऊर्ध्वपातनाचा कॉलम कितीही उंच करा, गाडी पुढे सरकत नाही. ही जोडी तोडायला आधी सायक्लोहेक्झेन हा द्रावक घालायचो. वाफ सपाटून लागायची, वर मालात त्याचा अंश राहायचा.

गेल्या जुलैत त्याजागी इमिडॅझोलियम ॲसिटेट आणलं. हे आयनिक लिक्विड, म्हणजे द्रवरूप मीठच म्हणा ना. ते पाण्याला असं धरून ठेवतं की आयपीए एकटंच वर येतं, आणि स्वतः उडत नसल्याने मालात उतरत नाही. बॉयलरच्या जळणाची, ब्रिकेटची गाडी आठवड्याला यायची, आता दहा दिवसांनी येते. पण ही बचत दुसऱ्या कॉलमची, जिथे हे लिक्विड घालतो. पातळ पाण्यातून ८८ टक्क्यांपर्यंत आणणाऱ्या पहिल्या कॉलमला वाफ पूर्वीइतकीच लागते. विकणारे हे आपणहून सांगत नाहीत.

खरी कसरत खाली आहे, लिक्विड पुन्हा वापरण्यासाठी कोरडं करण्यात. वापरलेल्या लिक्विडमधलं शेवटचं पाणी जाम सुटत नाही. तापमान चढवावं तर ॲसिटेट तुटायला लागतं, म्हणून व्हॅक्यूम जितका खोल तितकं बरं. आम्ही आधी स्वस्तातला पंप लावला होता. दोन महिन्यांत बदलला.

सप्टेंबरमध्ये रात्रपाळीच्या ऑपरेटरचा फोन: "साहेब, द्राक्षं आंबल्यावानी वास येतोय." व्हॅक्यूमच्या कंडेन्सेटला चक्क व्हिनेगरचा वास! आम्लयुक्त पाण्याची एक बॅच तशीच आत गेली होती. आम्लाने ॲसिटेटचं ॲसेटिक ॲसिड केलं आणि ते उडून गेलं. जे गेलं ते गेलंच, आणि हा माल ग्लायकोलसारख्या स्वस्त द्रावकाच्या भावात मिळत नाही. तेव्हापासून पीएच बघितल्याशिवाय फीडचा व्हॉल्व्ह उघडायचा नाही असा नियम केलाय. क्लोराइडही तपासतो, नाहीतर एसएसला (स्टेनलेस स्टीलला) बारीक खड्डे पडतात.

डिसेंबरच्या थंडीत सकाळी लाइनमधलं लिक्विड काकवीसारखं घट्ट. पंप नुसता कण्हायचा. शेवटी पाइपला हीटिंग टेप गुंडाळली.

दर सोमवारी एक नमुना बाटलीत भरून खिडकीत ठेवतो. जुलैतली बाटली मधाच्या रंगाची, परवाची कोऱ्या चहासारखी. आयपीएमधलं पाणी मात्र अजून मर्यादेत येतंय, म्हणून तूर्त नवा ड्रम मागवलेला नाही.