दहा महिने बिनगव्हाचे: लेकीच्या पोटविकार तज्ज्ञांकडचा अनुभव

माझी लेक सहा वर्षांची आहे. तिला सिलिअ‍ॅक आजार (गव्हामुळे आतडं बिघडतं तो) असल्याचं कळून दहा महिने झाले. आम्ही साताऱ्याहून पुण्याला मुलांच्या पोटविकार तज्ज्ञांकडे जातो, आतापर्यंत सहा फेऱ्या झाल्या. खाली तक्रारीही आहेत, त्यामुळे कुणाचं नाव लिहीत नाही. पण ज्यांचं मूल जेवतं आणि तरी अंगाला काही लागत नाही, त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय.

आधीची दोन वर्षं आठवली तरी जीव कासावीस होतो. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, दिवसातून तीन-चार वेळा पातळ, घाण वासाची शी. हिमोग्लोबिन ७.८. लोहाचं औषध तीनदा बदललं, जंताचं औषध झालं, टॉनिकच्या बाटल्या झाल्या, सासूबाईंनी दृष्टही काढली. दवाखान्यात दर वेळी एकच: नीट खात नाही, म्हणून वाढत नाही. औषधातलं लोह जिथून शोषलं जातं तो आतड्याचा भागच बिघडलाय, हे कुणी बोललंच नाही.

पुण्याच्या डॉक्टरांनी पोटाला हात लावायच्या आधी लसीकरणाचं कार्ड मागितलं. प्रत्येक लसीच्या वेळचं वजन त्यांनी आमच्यासमोर आलेखावर एकेक ठिपका देऊन मांडलं. दीड वर्षापर्यंत रेघ छान वर चढत होती, मग आडवी झाली. मग तिला भिंतीशी उभं करून उंची मोजली. दोन वर्षांत तिची उंची कुणी मोजलीच नव्हती! त्या आडव्या रेघेकडे बघून मला रडू आलं. डॉक्टर थांबले, पाणी दिलं, मग पुढे बोलले.

रक्ताची टीटीजी तपासणी (या आजारात वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी) आणि सोबत एकूण आयजीए (त्याच प्रकारची प्रतिपिंडं अंगात मुळातच कमी नाहीत ना, हे बघायला) सांगितलं. एका नातेवाइकाच्या सांगण्यावरून आम्ही गहू बंद करायच्या बेतात होतो. डॉक्टरांनी बजावलं, तपासण्या पूर्ण होईपर्यंत रोज पोळी द्यायचीच, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट साफ येऊ शकतो. टीटीजी वाढलेलं आलं, पण नुसत्या रक्तावर निदान पक्कं करण्याइतकं नाही, म्हणून एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून तपासणी. सहा तास उपाशी ठेवून, गुंगी देऊन लहान आतड्याच्या सुरुवातीचे बारीक तुकडे घेतले. संध्याकाळी घरी आलो. आतड्याच्या आतली, अन्न शोषून घेणारी झालर सपाट झालेली निघाली. ही साधी अ‍ॅलर्जी नव्हे. गव्हातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते. औषध नाही. गहू, जव, राय (गव्हासारखंच एक धान्य, मोहरी नव्हे) आयुष्यभर बंद.

सासूबाईंचा विश्वास बसेना. गव्हाने कुणाला आजार होतो का, म्हणायच्या. दुसऱ्या फेरीला त्यांना सोबत नेलं. डॉक्टरांनी त्यांना दुसऱ्या महायुद्धातली हकिगत सांगितली. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये उपासमार झाली, पाव मिळेनासा झाला, आणि अशाच आजाराची मुलं उलट सुधारली. विलेम डिके या बालरोगतज्ज्ञांचा गव्हावरचा संशय त्यामुळे पक्का झाला. परतीच्या एसटीत सासूबाई एवढंच म्हणाल्या, "मग आपण सगळेच भाकरी खाऊ." त्या दिवसापासून घरात पोळी झालेली नाही.

तक्रार इथे आहे. मिळालेला आहाराचा कागद इंग्रजीत, आणि त्यात मक्याची रोटी, राजमा! आमच्या ताटाचा पत्ताच नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी चालतात हे आम्हीच विचारून लिहून घेतलं. नंबर लागायला दर वेळी तीन तास. जुलाब होणारी मुलं बसतात तिथून शौचालय एक मजला खाली. मुलांच्या पोटाच्या विभागात हे असं असावं याचा खरंच संताप येतो.

सहा महिन्यांनी टीटीजी अपेक्षेइतकं उतरलं नाही. मला वाटलं शाळेत कुणी बिस्किट दिलं असेल. पण आहारतज्ज्ञ ताईंनी पाऊण तास बसून आमच्या स्वयंपाकघराची उलटतपासणीच घेतली. दळण कुठे देता? मेतकूट कुठलं? हिंग कुठला? घरी येऊन हिंगाची डबी खिडकीशी धरून वाचली. बारीक अक्षरात लिहिलं होतं, गव्हाचं पीठ. रोज फोडणीत चिमूटभर! मेतकुटातही गहू भाजून घातलेला. आणि गिरणीत आमची ज्वारी गव्हाच्या दळणामागून पडायची, तेव्हा जात्यात अडकलेलं गव्हाचं पीठ आमच्या डब्यात यायचं. आता तांदळाच्या पिठातला हिंग आणतो, मेतकूट घरी करते, आणि पैसे साठवून घरघंटी घेतली. या पाऊण तासासाठी मी त्या ताईंची जन्मभर ऋणी राहीन. निदान यंत्रांनी झालं, पण लेक बरी व्हायला लागली ती या प्रश्नांमुळे.

गेल्या महिन्यातल्या फेरीत वजन १४.५ वरून १७.८ किलो, हिमोग्लोबिन ११.६, टीटीजी जवळपास नॉर्मलला. शी घट्ट होते. उंची चार सेंटिमीटरने वाढली. भावंडांनाही धोका असतो, म्हणून धाकट्याची तपासणी केली. सध्या साफ आहे, पण पुन्हा करायची आहे. सत्यनारायणाचा प्रसाद आता आमच्याकडे वरीच्या तांदळाचा होतो, आणि शेजारच्या काकूही तिच्यासाठी तसाच करतात.

तुम्ही पहिल्यांदा जाणार असाल तर लसीकरणाचं कार्ड, जुने सगळे रिपोर्ट आणि मुलासाठी डबा न्या. आणि पिशवीत घरातली हिंगाची डबीही टाका.